लोकाश्रय आणि भाषेचे तारुण्य

१

पारितोषिकांचा इतिहास हा एका अर्थी अभिरुचीच्या अधिकाराचा इतिहास असतो. कलाकृतीचे बरेवाईट कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या समाजरचनेप्रमाणे दिलेले आहे. राजसभा होत्या तोवर हा अधिकार राजाकडे आणि त्याच्या सभापंडितांकडे होता. राजसभा मोडल्यावर विद्यापीठे, अकादमी आणि नियतकालिके यांनी तो उचलला. या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट मात्र समान राहिली. मान देणारा हा घेणाऱ्यापेक्षा वयाने, विद्येने किंवा प्रतिष्ठेने वरचा असे. तरुणाने वडिलांच्या हातून मान घ्यावा, हीच रीत होती. दूरचित्रवाणीच्या युगात ही रीत उलटी करून मान देण्याचा अधिकारच तरुण प्रेक्षकांच्या हाती ठेवणारे काही समारंभ निर्माण झाले. त्यांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘प्रेमिओस हुवेन्तुद’ हा समारंभ भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

‘प्रेमिओस’ म्हणजे पारितोषिके. ‘हुवेन्तुद’ या स्पॅनिश शब्दात तारुण्य आणि तरुणवर्ग असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘युनिव्हिजन’ या स्पॅनिशभाषी दूरचित्रवाणी वाहिनीने २००४ साली हा समारंभ सुरू केला. सुरुवातीची बरीच वर्षे तो फ्लॉरिडा राज्यात, मायामी विद्यापीठाच्या कोरल गेबल्स येथील क्रीडागृहात होत असे. गाणी, गायक, चित्रपट, नटनट्या, क्रीडापटू, वेशभूषा अशा लोकरंजनाच्या नाना क्षेत्रांतील आवडीनिवडी त्यात एकत्र आणल्या होत्या, आणि निवड परीक्षकमंडळाने न करता प्रेक्षकांनी मते देऊन करावयाची होती. इंग्रजीत अशा धर्तीचा एक तरुणांचा समारंभ १९९९ पासून चालू होता. तेव्हा ही कल्पना अगदी नवी होती असे नाही. नवी होती ती भाषा.

वाङ्मयीन मूल्यांच्या तराजूत घातले तर या समारंभाचे वजन फारसे भरणार नाही. प्रखर दिवे, तरुणांचा कल्लोळ, मध्येमध्ये जाहिराती आणि रंगमंचावर क्षणभर झळकून जाणारे चेहरे, एवढेच त्यात दिसेल. तथापि या कल्लोळाखाली एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जिच्या पाठीशी राज्यसत्ता नाही, शाळेत जिचे स्थान डळमळीत आहे आणि जी स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीत मावळू लागते असा अनुभव आहे, ती भाषा तरुणांच्या तोंडी कशाच्या बळावर टिकते? ‘प्रेमिओस हुवेन्तुद’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर अपुरे असले, तरी भाषाचिंतकांनी टाळावे असे नाही.

२

संयुक्त संस्थानांत स्पॅनिश ही परक्यांनी काल-परवा आणलेली भाषा आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन हे नगर स्पॅनिश लोकांनी १५६५ साली वसविले, आणि आज ज्याला अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग म्हणतात त्यातील बराच मुलूख १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहापर्यंत मेक्सिकोच्या ताब्यात होता. त्यानंतर मात्र इंग्रजी ही सत्तेची आणि उत्कर्षाची भाषा झाली, तर स्पॅनिश घराची, शेतमजुरीची आणि देवघराची भाषा होऊन राहिली. १९९८ साली कॅलिफोर्निया राज्याने जनमताने द्वैभाषिक शिक्षणावर कठोर मर्यादा घातल्या, आणि त्या उठविण्यास २०१६ उजाडावे लागले. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही संपूर्ण देशाची अधिकृत भाषा म्हणून घोषित झाली. अशा देशात स्पॅनिशला राजाश्रय मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिला जो आश्रय मिळाला तो लोकांचा आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या बाजाराचा.

या लोकाश्रयाचा एक आधार म्हणजे नभोवाणी आणि दूरचित्रवाणी. टेक्सासमधील सान आन्तोनिओ येथे १९५५ साली राउल कोर्तेस यांनी संपूर्ण स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोतील आस्कार्रागा कुटुंबाच्या भांडवलाने अशा केंद्रांचे एक जाळे विणले गेले, आणि १९८७ पासून तेच ‘युनिव्हिजन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या वाहिनीवर कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाचे कार्यक्रम मुख्यतः असत. रोज रात्रीच्या कौटुंबिक मालिका असत, आणि शनिवारी ‘साबादो हिगान्ते’ हा कित्येक तासांचा रंजनाचा कार्यक्रम असे. चिलीमध्ये जन्मलेला हा कार्यक्रम १९८६ साली मायामीला आला आणि २०१५ पर्यंत चालला. आजी, आई आणि नात यांनी एकाच दिवाणखान्यात बसून तो पाहावा, अशी त्याची घडण होती.

पण त्या दिवाणखान्यातील नात मोठी होऊ लागली, आणि इथेच पेच उत्पन्न झाला. २००० च्या जनगणनेत हिस्पॅनिक वंशाच्या लोकांची संख्या सुमारे ३ कोटी ५३ लक्ष होती. ती २०१० मध्ये ५ कोटी ५ लक्ष आणि २०२० मध्ये ६ कोटी २१ लक्ष झाली. ही वाढ आरंभी स्थलांतरामुळे होत होती. परंतु एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, निदान मेक्सिकन वंशाच्या समाजात, स्थलांतरापेक्षा जन्मांचा वाटा अधिक झाला. म्हणजे वाहिनीचा उद्याचा प्रेक्षक मेक्सिकोत किंवा क्यूबात जन्मलेला नव्हता. तो लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात जन्मलेला आणि इंग्रजी शाळेत शिकलेला होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील स्थलांतरितांच्या भाषांचा रुम्बाउत, मॅसी आणि बीन यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या पिढीपर्यंत पोचेतो घरची भाषा सहजपणे बोलणारे फारच थोडे उरतात, असे त्यात दिसून आले. आणि स्पॅनिश इतर भाषांपेक्षा अधिक काळ तग धरीत असली, तरी तिचीही वाट तीच होती.

भाषा अशी मावळते तेव्हा ती एकदम जात नाही. आधी तिचे वय वाढते. ती आजीशी बोलण्याची, सणावारांची आणि ओळखीच्या चार पदार्थांच्या नावांची भाषा होते. थट्टा, भांडण आणि प्रेम मात्र दुसऱ्या भाषेत होऊ लागते. आदर उरतो, उपयोग सरतो. स्थलांतरित भाषेला खरे भय या आदराचे असते. कारण ज्या भाषेत पोराला वात्रटपणा करता येत नाही, त्या भाषेत तो फार काळ राहत नाही.

३

या पार्श्वभूमीवर ‘प्रेमिओस हुवेन्तुद’च्या पहिल्या काही वर्षांतील पारितोषिकांची नावे पाहिली म्हणजे त्या समारंभाचा भाषिक आशय ध्यानात येतो. ‘सर्वोत्कृष्ट गायक’, ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ ही जगभर रूढ झालेली कोरडी शब्दावली तेथे जवळजवळ नव्हतीच. ध्वनिमुद्रिकेच्या पारितोषिकाचे नाव होते ‘मे मुएरो सिन एसे सेदे’, म्हणजे ‘त्या सीडीवाचून माझा जीव जातो’. विरहगीताच्या पारितोषिकाला ‘कान्सिओन कोर्ता-वेनास’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘शिरा कापणारे गाणे’ असा होतो. प्रेमभंगाने जीव नकोसा करणाऱ्या रडव्या गाण्याला स्पॅनिश बोलीत हे विशेषण लावतात. मराठीत आपण ‘काळजाला घरे पाडणारे’ म्हणतो, पण मराठी प्रयोगात गांभीर्य आहे, तर स्पॅनिश प्रयोगात दुःख आणि स्वतःच्या दुःखाची टवाळी ही दोन्ही एकाच वेळी आहेत. चटकन ओठांवर बसणाऱ्या चालीला ‘ला मास पेगाहोसा’ म्हणत, म्हणजे ‘सर्वांत चिकट’. नटाच्या पारितोषिकाचे नाव ‘के आक्तोरासो’ असे उद्गारवाचक होते. ‘आसो’ हा स्पॅनिशमधील वृद्धिवाचक प्रत्यय. नामाला तो लागला की वस्तू मोठी होते आणि बोलणाऱ्याचा आवाजही चढतो. मराठीत असा एकच प्रत्यय नसल्याने ‘काय जबरा नट आहे!’ असे वाक्यच करावे लागेल.

सर्वांत मनोरंजक नाव चित्रपटाचे. ते होते ‘पेलिकुला मास पाद्रे’. ‘पाद्रे’ म्हणजे बाप. मेक्सिकन तरुणांच्या बोलीत मात्र हा शब्द विशेषण होऊन ‘झकास’, ‘फक्कड’ या अर्थाने येतो. मराठी वाचकाला हा शब्द दोन बाजूंनी ओळखीचा वाटेल. आपला ‘पाद्री’ हा शब्द याच शब्दाच्या पोर्तुगीज भावंडापासून आलेला आहे. आणि आजच्या मराठी तरुणांच्या बोलीतही एखादी गोष्ट फार आवडली की तिला ‘बाप’ म्हणण्याची रीत आहे. दोन दूरच्या भाषांतील तरुणांनी एकमेकांना न विचारता बापालाच विशेषण करावे, ही गोष्ट तरुणांच्या बोलीचा स्वभाव सांगून जाते. जे सर्वाधिक आदराचे, त्यालाच ती खेळात ओढते.

या नावांचे दुसरे वैशिष्ट्य व्याकरणाचे आहे. त्यांतील कित्येक नावे प्रथमपुरुषी आहेत. ‘मी इदोलो एस’ म्हणजे ‘माझे दैवत आहे…’, आणि त्या वाक्याचा उरलेला भाग मतदाराने भरावयाचा. ‘किएरो बेस्तिर कोमो एया’ म्हणजे ‘मला तिच्यासारखा वेश करावयाचा आहे’. ‘चिका के मे किता एल सुएन्यो’ म्हणजे ‘माझी झोप उडविणारी पोरगी’. परीक्षकमंडळाचा निर्णय हा नेहमी तृतीयपुरुषी विधान असतो. अमुक कृती श्रेष्ठ आहे, असे तो सांगतो आणि सांगणारा स्वतः वाक्याच्या बाहेर राहतो. येथे मात्र कृतीच्या गुणांविषयी काहीच म्हटलेले नाही. म्हटले आहे ते आस्वाद घेणाऱ्याची अवस्था काय झाली एवढेच.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे सहृदयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. रसाचे अधिष्ठान सहृदयाच्या चित्तात आहे, असे अभिनवगुप्ताची परंपरा मानते. परंतु हे साम्य फार ताणता येणार नाही. त्या परंपरेतील आस्वाद साधारणीकृत असतो. ‘हे माझे, हे दुसऱ्याचे’ हा भेद गळून पडल्यावाचून रसाचा उदय होत नाही. ‘माझी झोप’, ‘माझे दैवत’, ‘माझा जीव’ या शब्दांवर उभी असलेली अभिरुची त्या अर्थाने रसाच्या अलीकडच्या पायरीवरच थांबलेली आहे. पण या समारंभाचे कार्य रसनिष्पत्तीचे नव्हतेच. असंख्य तरुणांनी ‘माझे’ हा शब्द एकाच भाषेत उच्चारावा आणि त्या उच्चारातून ‘आपले’ असे काही तयार व्हावे, एवढेच त्याचे कार्य होते. आजीच्या भाषेत झोप उडाल्याची कबुली देता येते, हे लॉस एंजेलिसच्या पोराला तेथे प्रथमच चारचौघांत, दिव्यांच्या झगमगाटात दिसले.

४

अधिकाराचा प्रश्न या समारंभातील संगीताच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. स्पॅनिश व पोर्तुगीज संगीतासाठी ‘लॅटिन ग्रॅमी’ हे पारितोषिक २००० साली सुरू झाले. त्याचा निर्णय ध्वनिमुद्रण-व्यवसायातील सभासद करतात, म्हणजे ते जाणकारांचे पारितोषिक आहे. पहिली काही वर्षे तो समारंभ इंग्रजी वाहिनीवरून दाखविला जाई. २००५ पासून तो ‘युनिव्हिजन’कडे आला. ज्या काळात हा बदल झाला त्याच काळात, १९९९ च्या लाटेचे अनुभव अजून ताजे होते. त्या वर्षी प्वेर्तो रिकोचा गायक रिकी मार्टिन याने इंग्रजी गाण्याने अमेरिका जिंकली होती, आणि २००१ साली कोलंबियाची शकीरा हिनेही इंग्रजी ध्वनिमुद्रिका काढली. मोठे व्हावयाचे तर भाषा ओलांडावी लागते, हाच त्या यशाचा धडा दिसत होता. कोलंबियाचाच हुआनेस मात्र स्पॅनिशमध्येच गात राहिला, आणि तरुणांच्या समारंभाने त्यालाही आपले मानले.

पण या संदर्भात सर्वांत बोलका इतिहास रेगेतोन या संगीतप्रकाराचा आहे. जमैकाच्या रेगे संगीताला पनामातील कृष्णवर्णीय गायकांनी स्पॅनिश शब्द दिले. तेच बीज प्वेर्तो रिकोत रुजले आणि १९९० नंतर सान हुआनच्या गरीब वस्त्यांत कॅसेटांवरून हातोहात फिरू लागले. त्यातील भाषा रस्त्यावरची होती. तीत शृंगार उघडा होता आणि हिंसेचे उल्लेखही होते. १९९५ साली पोलिसांनी सान हुआनमधील दुकानांवर छापे घालून या कॅसेटा जप्त केल्या. २००२ साली तेथील विधिमंडळात या प्रकारातील अश्लीलतेविषयी सुनावण्या झाल्या. शिष्टांच्या दृष्टीने ही भाषेची आणि नीतीची विटंबना होती.

२००४ साली, म्हणजे ‘प्रेमिओस हुवेन्तुद’ सुरू झाले त्याच वर्षी, सान हुआनच्या डॅडी यांकी या गायकाचे ‘गासोलिना’ हे गाणे बाहेर पडले आणि स्पॅनिश न समजणाऱ्या देशांतही वाजू लागले. तरुणांच्या समारंभात या प्रकाराला प्रवेशासाठी ताटकळत राहावे लागले नाही. त्यासाठी स्वतंत्र पारितोषिक होते. जाणकारांच्या पारितोषिकाशी मात्र त्याचे भांडण दीर्घकाळ चालले. २०१९ साली ‘लॅटिन ग्रॅमी’च्या मुख्य नामांकनांत आपल्याला डावलले, असा रेगेतोनच्या आघाडीच्या गायकांनी उघड निषेध नोंदविला. आणि शेवटी २०२३ साली ‘गासोलिना’ अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचीत घातले. त्या सूचीत आलेले ते पहिले रेगेतोन गाणे होय.

जप्तीपासून जतनापर्यंतचा हा अठ्ठावीस वर्षांचा प्रवास अभिरुचीच्या इतिहासात नमुन्यादाखल द्यावा असा आहे. पोलीस, विधिमंडळ, जाणकार आणि ग्रंथालय या चार सत्तांनी एकाच वस्तूविषयी चार काळांत चार निर्णय दिले. तरुणांचा निर्णय मात्र प्रथमपासून एकच होता. तो बरोबर होता असे म्हणावयाचे कारण नाही, कारण त्या गाण्यांतील स्त्रीविषयक दृष्टीवरील आक्षेपांना लोकप्रियता हे उत्तर होऊ शकत नाही. परंतु भाषेपुरते पाहावयाचे तर त्या निर्णयाचे मोल निर्विवाद आहे. ‘देस्पासितो’ हे गाणे २०१७ साली अमेरिकेतील गाण्यांच्या मुख्य यादीत सोळा आठवडे अग्रस्थानी होते. २०२० च्या अखेरीस बॅड बनी या प्वेर्तो रिकन गायकाची संपूर्ण स्पॅनिश ध्वनिमुद्रिका तेथील ध्वनिमुद्रिकांच्या यादीत प्रथम स्थानी पोचली. असा मान मिळविणारी ती पहिलीच संपूर्ण स्पॅनिश ध्वनिमुद्रिका होती. १९९९ साली गायकाला भाषा ओलांडावी लागली होती. वीस वर्षांनंतर श्रोता भाषा ओलांडून गायकाकडे आला.

समारंभाचे स्थलांतरही या दृष्टीने सूचक आहे. २०२२ साली तो मायामी सोडून सान हुआनला गेला, आणि २०२५ साली पनामा सिटीत झाला. कारणे व्यवहाराची असतील. पण ज्या दोन शहरांत या संगीताची कॅसेट प्रथम हातोहात फिरली, त्याच शहरांकडे तरुणांचा मान उलट वाटेने चालत गेला, हे खरे.

५

हे सर्व मान्य करूनही या लोकाश्रयाच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येत नाही. लोकाश्रय हा शब्द आपण राजाश्रयाच्या विरुद्ध वापरतो तेव्हा त्यात स्वातंत्र्याचा एक सूर असतो. पण दूरचित्रवाणीवरील लोकाश्रयाच्या पाठीशी एक तिसरा आश्रयदाता उभा असतो, तो म्हणजे जाहिरातदार. २००४ साली पारितोषिके देणाऱ्या ‘युनिव्हिजन’कडे केवळ दूरचित्रवाणी वाहिनी नव्हती, नुकतेच तिने स्पॅनिश नभोवाणी केंद्रांचे मोठे जाळे विकत घेतले होते, आणि तिचा स्वतःचा ध्वनिमुद्रण-व्यवसायही होता. मेक्सिकोतील ‘रेबेल्दे’ ही शाळकरी मुलामुलींची मालिका २००५ पासून याच वाहिनीवर दाखविली जाऊ लागली. त्या मालिकेतून ‘आर बी डी’ हा गायकसमूह जन्मला, आणि त्याच समूहाला याच वाहिनीच्या समारंभात तरुणांच्या मतांनी पारितोषिकांमागून पारितोषिके मिळाली. मत खरे होते. पण ते घडले होते त्याच घरात. रात्रंदिवस जे ऐकू येते त्यालाच मन ‘माझे’ म्हणू लागते.

मानवशास्त्रज्ञ आर्लीन दाविला यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात दाखविले आहे की, मेक्सिकन, क्यूबन, प्वेर्तो रिकन, कोलंबियन अशा परस्परांहून भिन्न समूहांचा एकच ‘लॅटिनो’ ग्राहक घडविण्यात जाहिरात-व्यवसायाचा हात मोठा आहे, आणि त्यासाठी कोणत्याच प्रदेशाचा गंध नसलेली एक तटस्थ स्पॅनिश पडद्यावर पोसली गेली. ‘पाद्रे’सारखा मेक्सिकन शब्द पारितोषिकाच्या नावात येणे, हे या तटस्थतेला पडलेले एक सुखद खिंडार होय. परंतु त्यातही मेक्सिकन वंशाचे लोक हिस्पॅनिक समाजात निम्म्याहून अधिक आहेत हा हिशेब दिसतोच. संख्येने लहान असलेल्यांची बोली मतमोजणीत सहसा जिंकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. गाणे भाषेला टिकविते काय? टेक्सासमध्ये १९७१ साली जन्मलेली सेलेना किन्तानिया इंग्रजी बोलत वाढली. स्पॅनिश गाणी ती आधी उच्चार पाठ करून गात असे, भाषा तिला पुढे आली. १९९५ साली तिची हत्या झाली तेव्हा लक्षावधी स्पॅनिशभाषक तिला आपल्या भाषेचा आवाज मानीत होते. तिच्या उदाहरणाने आशा वाटते, कारण गाण्याच्या दारातून भाषेत प्रवेश होऊ शकतो. तिच्याच उदाहरणाने शंकाही येते, कारण त्या दारात उभे राहून केवळ ठेका धरणारे पुष्कळ असतात. समारंभाच्या अलीकडच्या वर्षांत पारितोषिकांच्या यादीत ‘गर्ल पॉवर’, ‘व्हायरल ट्रॅक’ अशी थेट इंग्रजी नावे स्पॅनिश नावांच्या शेजारी येऊन बसली. ‘त्या सीडीवाचून माझा जीव जातो’ हे नाव वस्तूबरोबर गेले ते ठीकच. पण त्याबरोबर ते प्रथमपुरुषी, खोडकर वाक्यही गेले, ही हानी सीडीच्या हानीपेक्षा मोठी आहे.

ही सरमिसळ भ्रष्टता समजावी की नवी भाषा, यावर विद्वानांत एकमत नाही. १९९७ साली रोबेर्तो गोन्सालेस एचेवारिया यांनी स्पॅनिश-इंग्रजीच्या मिश्रणात हिस्पॅनिक संस्कृतीला धोका पाहिला. २००२ साली इलान स्ताव्हान्स यांनी त्याच मिश्र बोलीत ‘दोन किखोते’चा पहिला अध्याय उतरवून वादाला तोंड फोडले. १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या राजकीय अकादमीने २०१४ च्या कोशात ‘एस्पांग्लिश’ हा शब्द घेतला, तोही आधी दोन्ही भाषांना विद्रूप करणारी बोली अशा अर्थाच्या व्याख्येसह. अमेरिकेतील स्पॅनिश अकादमीने आक्षेप घेतल्यावर विद्रूपतेचा उल्लेख वगळण्यात आला. एका शब्दाने केलेला हा लहानसा प्रवास कॅसेटच्या प्रवासाहून फार निराळा नाही.

तेव्हा ‘प्रेमिओस हुवेन्तुद’कडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. बाजाराने मांडलेल्या खेळाला लोकांचा कौल समजणे हे एक टोक, आणि बाजार आहे म्हणून त्यातील भाषेला तुच्छ लेखणे हे दुसरे. या समारंभाने श्रेष्ठ गाणे कोणते हे सांगितले नाही, आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नव्हती. आजीची भाषा सोळा वर्षांच्या पोराला उद्गार काढण्यास, थट्टा करण्यास आणि ‘माझे’ म्हणण्यास पुरेशी आहे, ही गोष्ट मात्र त्याने काही वर्षे तरी दाखवून दिली.

अकादमींचे काम वेगळे आहे आणि ते वेगळेच राहिले पाहिजे. भारताच्या साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. मराठीसह चोवीस भाषांत तो दिला जातो. तेथे तरुण मान घेतो आणि जाणकार तो देतात. या रीतीवाचून वाङ्मयाची पारख होणार नाही. परंतु पारखण्याजोगे वाङ्मय ज्या भाषेत जन्मावयाचे, ती भाषा आधी तरुणांच्या तोंडी असावी लागते. परभाषी मुलखात वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा आदराने ऐकविणारी घरे भारतभर आहेत. मराठी घरेही त्यांत आहेत. त्या मुलांना त्या भाषेत वात्रटपणा करावयास जागा किती आहे, हा प्रश्न त्या घरांनीही विचारून पाहावा. कोशात शब्द घेण्याचा अधिकार पंडितांचा असला, तरी तो तेथवर चालत येतो तो पोराठोरांच्या जिभेवरूनच.